झिजलेलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझी मुलगी चित्रकला शिकते. परवा परभणीत तिच्या वर्गाचं प्रदर्शन होतं. तिनं काय लावलं असेल? घरातली भांडी. माझ्या लग्नात आलेली, देणाऱ्यांची नावं कोरलेली, दोऱ्यांनी छताला टांगलेली. वर पाटी — ‘नावं ठेवलेली भांडी’. लोक आधी हसले, मग थांबले. एक बाई म्हणाल्या, “सुनेला ठेवलेली नावं हायेत ही.” दुसऱ्या म्हणाल्या, “यात बाईचं नाव एक तरी हाय का?” मी हिशेबाचा माणूस, एका पाटीत इतकं मावतं, हे बघून चकित झालो.

मधोमध एक हंडा होता. त्यावर नाव नव्हतं, नुसता मळकट पट्टा. खाली मुलीनं लिहिलं होतं — ‘आजीनं घासून घासून नाव झिजलं.’

मी ती ओळ दोनदा वाचली.

ते झिजलं नव्हतं. मी घासलं होतं — कानशीनं, लग्नाच्या आदल्या दिवशी, गच्चीवर. हंडा धाकट्या बहिणीनं, विमलनं पाठवला होता. तिनं जातीबाहेर लग्न केलेलं. मांडवात पाहुण्यांनी तिचं नाव वाचलं असतं तर? एवढीच भीती. आईला सांगितलं, हंडा मीच विकत आणला, दुकानदारानं चुकीचं नाव कोरलं होतं, ते खोडलं.

आई गेल्यावर मुलीनंच विमलकडे जाणं-येणं सुरू केलं. प्रदर्शनालाही विमल तिच्या गावाहून, चुडाव्याहून आली होती. काठाच्या नक्षीवरून तिनं हंडा ओळखला. पट्ट्यावरून बोट फिरवलं.

“दादा, आईनं हा वापरला का रे?”

“रोज,” मी म्हणालो. ते खरं होतं.

“माझा हाय, हे माहीत व्हतं तिला?”

मी — मी हो म्हणालो.

तिनं डोळ्याला पदर लावला, मग हसली. “लय घासायची म्हातारी. माझं नाव पार खाऊन टाकलं बघ.”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना?

आई शेवटपर्यंत म्हणायची, “पोरीनं भावाच्या लग्नाला एक वाटी न्हाई पाठवली.” म्हणायची, आणि त्याच हंड्यातून पाणी घ्यायची. मी समोर बसलेला असायचो.

प्रदर्शन संपल्यावर विमलनं हंडा मागून घेतला. मीच उचलून तिच्या रिक्षात ठेवला.