पोहणाऱ्या हत्तीची कातडी

राजघाटासमोर नदीत दगडी हत्ती आहे. तापीला पाणी किती आलं हे आमच्याकडे त्याच्यावरूनच सांगतात. पाय बुडाले, पाठ बुडाली, आणि पुरता दिसेनासा झाला की आमचा सगळा बुधवारा मोहल्ला कामधंदा सोडून घाटाकडे पळतो. लहानपणी माझ्या धाकट्या बहिणीने ठरवूनच टाकलं होतं की बुडाल्यावर तो हत्ती तिथे थांबत नाही. त्याला कल्ले फुटतात, कानांचे पर होतात, मागे माशाची शेपटी येते आणि तो पोहत पलीकडच्या काठावर जैनाबादला जाऊन येतो. पाणी उतरायच्या आत परत जागेवर.

"मग कुणाला दिसत कसा नाही?" मी विचारायची.

"बुडालेला आहे ना!"

हुज्जत घालण्यात घरात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, पण इथे माझं काही चालायचं नाही.

मोठी होऊन ती शाळेत शिकवायला लागली तरी हत्ती डोक्यातून गेला नाही. मोबाइलवर बघून बघून तिने पॉलिमर क्लेची पाकिटं मागवली आणि बोटभर उंचीचे नाना प्राणी करायला घेतले. ही माती वाळत नाही. ओव्हनमध्ये भाजेपर्यंत महिनोन्‌महिने मऊच राहते, आणि एकदा भाजली की कायमची कडक. आईने हौसेने घेतलेल्या ओव्हनमध्ये नानकटाईच्या आधी एक पंखवाला बेडूक भाजला गेला, त्यावरून आठवडाभर घरात धुसफूस चालली होती. मी मदतीला बसले की धाकटी माझ्या हातावर चापट मारायची. "ताई, ये अपनी मिट्टी नहीं है. पाणी नको लावू हिला."

तिचा हत्ती मात्र मुठीएवढा झाला. कल्ले, पर, शेपटी, सगळं जमलं, कातडी जमेना. जुना टूथब्रश टोचून पाहिला, विणायची सुई फिरवली, काही खरं नाही. शेवटी तिने स्वतःची बोटं त्याच्या अंगावर शेजारी शेजारी दाबत नेली. बोटांवरच्या बारीक रेषा मातीत उमटल्या आणि हत्तीला खरोखरच सुरकुतलेली कातडी आली. इतकी खूश झाली की जेवायला हाका मारून आई थकली. सोंड बुडाशी जराशी तडकली होती, ती नंतर बुजवू म्हणाली. "आणि भाजायचा कधी माहितीये? नदीतला हत्ती बुडेल त्या दिवशी."

त्या पावसाळ्यात हत्ती बुडाला तेव्हा ती इंदूरच्या दवाखान्यात होती. साधा ताप म्हणून सुरू झालं होतं. ती परत आली नाही.

तिचे फोटो सगळ्यांकडे आहेत. साड्या मावशीने नेल्या, पुस्तकं शाळेत दिली. तिची बोटं मात्र फक्त त्या हत्तीवर होती. मी तो स्टीलच्या डब्यात ठेवला होता. अधूनमधून झाकण काढायची आणि नुसती बघायची. हात लावायची नाही, कारण माती अजून मऊ होती आणि माझं बोट उमटलं असतं. भाजायचं मी टाळत होते. करपेल अशी भीती होतीच, पण खरं सांगायचं तर तिचं काहीतरी अजून व्हायचं बाकी आहे, याचाच मला आधार वाटत होता.

पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी दूधवाला म्हणाला, "हाथी डूब गया." मी मन घट्ट केलं. डबा काढून ओट्यावर ठेवला आणि आईला सांगितलं, "संध्याकाळी ऑफिसातून आले की भाजते. मग कायमचा राहील." आईने मान हलवली.

आई दर भादव्यात गल्लीतल्या मुलींच्या गाण्यांच्या खेळासाठी नदीच्या गाळाची गुलाबाईची मूर्ती करते. मूर्ती वाळताना भेग पडली की ओलं बोट फिरवून बुजवायची, यात तिचा हातखंडा. भेगाळलेली गुलाबाई ती बसवू देत नाही. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.

संध्याकाळी आले तर हत्ती ताटलीत उभा होता. तुळतुळीत. सोंडेपासून शेपटीपर्यंत एक रेघ शिल्लक नव्हती.

"सोंड तडकेल व्हती त्याची," आई म्हणाली. "आन् अंगभर खड्डेच खड्डे. पानी लागेना, मंग गोडेतेलाचं बोट फिरवलं. माह्या लेकीचं काम असं अर्धं कसं ठेवू?"

माझा तोल गेला. "खड्डे नव्हते ते! बोटं होती तिची! तिने उमटवली होती!"

आईने आपल्या तेलकट हाताकडे पाहिलं, मग हत्तीकडे. रडली असती तर बरं झालं असतं. "मले दिसलं नाही वं," एवढंच म्हणाली.

मी ओव्हन लावला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. होईपर्यंत आई त्याच्यासमोर पाट घेऊन बसून राहिली. निवल्यावर तिने हत्ती मांडीवर घेतला आणि चाचपायला लागली. पाठ, कान, शेपटी, पुन्हा पाठ. मी तिच्याकडे पाठ करून भाजी चिरत होते. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं.

"बाई, इकडे ये," तिने हाक मारली. "एक राह्यला. पोटाखाली. बघ, तिचा अंगठा!"

मी हत्ती उजेडात नेला. पोटाखाली खरंच एक अंगठा उमटला होता. चांगला खोल, रुंद, आणि त्याच्यामधून आडवी गेलेली एक जाड रेघ. आईच्या डाव्या अंगठ्यावर विळीने कापल्याचा जुना व्रण आहे. उजव्या हाताने तेल लावताना डाव्या हातात तिने हत्ती तिथेच धरला असणार.

"हाय ना तिचा?" आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "तिचाच आहे."

हत्ती आता देवाच्या फळीशेजारी असतो. दिवा लावून झाला की आई त्याला हातात घेते आणि पोटाखालच्या त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून थोडा वेळ बसते. परवा मला जवळ बोलावून म्हणाली, "आजवर कधी ध्यानातच आलं नाही वं. पोरीचा अंगठा अगदी माह्याच मापाचा व्हता."