अव्याच्या कॅसेटवरचं कुंकू

अव्याच्या बायकोचा, मीनलचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूच्या एका माणसाशी किमतीवरून भांडत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. भोपाळात हबीबगंजला माझं जुन्या कॅमेऱ्यांचं, रेडिओंचं, घड्याळांचं दुकान आहे. स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं काही बदलत नाही. समोर चहा निवत चालला होता आणि तो शहाणा मला पटवत होता की खोका फाटलेला असला की व्हिडिओ गेमची किंमत निम्म्यावर येते. मध्येच मीनलचा नंबर दिसला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच, "अगं बोल, काय घाई आहे?" ती म्हणाली, "भाऊजी, अविनाश गेले. ड्यूटीला निघाले होते, बूट घालता घालता तसेच बसले..." मी बंगळुरूवाल्याला सांगितलं, नंतर बोलू. तो म्हणाला, "भाईसाब, कल ये रेट नहीं मिलेगा." त्या क्षणी तो समोर असता तर त्याच्या कानाखाली काढली असती. पण दोन मिनिटं आधीपर्यंत मीही तेच बोलत होतो, अगदी त्याच सुरात.

अविनाश, आमचा अव्या, माझा चाळीस वर्षांचा मित्र, आणि शेवटचे चार महिने आम्ही बोलत नव्हतो. लोकांना मी सांगायचो, तो रुसलाय. साफ खोटं. तो रुसणारा नव्हताच. त्याच्या दारात जायची माझीच हिंमत होत नव्हती. हे सगळं इथे लिहितोय ते त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून नाही. चार चांगले शब्द सगळेच बोलले, त्याच्या कारखान्यातले तर माइकवरून बोलले. मला झोप लागत नाही, दुकानात बसवत नाही, उठून फिरायला गेलो तर त्याच्या घराकडे जाणाऱ्या कोटऱ्याच्या वळणावरून परत फिरतो. म्हणून लिहितोय.

नेहरू नगरात आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. त्याचे आजोबा नागपूरहून सचिवालयाबरोबर भोपाळला आले, माझे अकोल्याहून. घरात मराठी, फाटकाबाहेर पडलं की हिंदी, आणि क्रिकेट खेळताना दोन्हीची खिचडी. अव्याचे मामा मस्कतला होते. एका सुट्टीत त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, सोबत त्यात खोचायच्या खेळांच्या कॅसेट. दर खेपेला दोन-चार आणत गेले, अशा बावीस झाल्या. अस्सल जपानी, प्रत्येकीवर रंगीत लेबल, त्यावर आम्हाला न वाचता येणारी अक्षरं. आमच्या लाइनीतल्या पोरांसाठी तो खजिनाच होता हो! एकेकीत नऊ हजार गेम असल्याची थाप मारणाऱ्या नकली कॅसेट बाजारात नंतर आल्या. अव्याच्या घरी रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडायचा. प्रत्येकाला दहा मिनिटं. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ तो शेजारी ठेवायचा आणि वाजलं की स्वतःच्या हातातला कंट्रोलरही मुकाट्याने पुढच्याला द्यायचा. मी मात्र दर वेळी "बस, ये आखरी जान" करत दोन मिनिटं जास्त उपटायचो. कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो, त्यावर तो खेकसायचा, "फुंकू नको रे सुध्या! थुंकी जाते आत, पितळ गंजतं." मग कापूस आणि स्पिरिट घेऊन शांतपणे पुसत बसायचा. पुढे तो सरकारी कारखान्यात टेक्निशियन झाला ते काही नवल नव्हतं. आणि मी दुकानदार झालो, तेही.

नोकरी, लग्न, पोरं, सगळं झालं, पण त्या बावीस कॅसेट आणि तो गेम त्याच्या घरी तसाच चालू राहिला. आमची पोरं त्याच्यावर खेळली. घड्याळ तेवढं बदललं. या धंद्यात मी बरीच वर्षं आहे, पण जुन्या गेमांना कुणी विचारत नसे. भंगारवाला किलोवर न्यायचा. मग चार-पाच वर्षांपूर्वी फोन यायला लागले. आधी पुण्याहून एक जण, मग कोचीहून, मग थेट परदेशातून. जी कॅसेट मी एकदा गिऱ्हाइकाला फुकट देऊन टाकली होती, तिचे आठ हजार कुणीतरी मोजले. मग अठरा. मग मी हे गेम जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि माझं डोकं फिरलं, दुसरा शब्द नाही. लोक सीलबंद खोके न उघडता काचेसारख्या प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून घेतात, वर दहापैकी मार्कांची चिठ्ठी. खेळत कुणीच नाही. मार्क जास्त तर भाव जास्त. जेवताना मी फोन बघायचो, माझी बायको सुषमा म्हणायची, "भाजी वाढू की तिचाही रेट बघून सांगतोस?"

अव्याकडच्या एका कॅसेटचा फोटो मी ग्रुपवर टाकला. फार थोड्या निघाल्या होत्या म्हणे तशा. तासाभरात तिघांचे मेसेज. एकाने सरळ साठ हजार लिहिले, पण पुढे विचारलं, "लेबल पे ये लाल-पीला क्या है? साफ हो जाएगा क्या?"

ते लाल-पिवळं म्हणजे काकूंचं हळदकुंकू. अव्याच्या आईला आम्ही सगळे काकूच म्हणायचो. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. तर त्यांच्या घरी काकांचा टाइपरायटर, शिवणयंत्र, स्कूटर, पाना-पक्कड असं सगळं पाटावर मांडलं जायचं आणि पहिल्याच वर्षी काकूंनी व्हिडिओ गेमही मांडला. काका हसले. काकू म्हणाल्या, "हसताय काय? पोरं दिवसभर यावरच हात चालवतात ना? मग याची नको पूजा करायला?" होत्या तेवढ्या कॅसेटवर त्यांनी हळदकुंकू लावलं, पुढे आल्या त्यांच्यावरही, अशा बावीसच्या बावीस. कोरडं कुंकू प्लास्टिकवर टिकत नाही म्हणून तेलात कालवून, अनामिकेने, लेबलच्या बरोबर मधोमध. दर वर्षी त्याच जागी. कागदात तेल मुरत गेलं आणि प्रत्येक लेबलवर रुपयाएवढा डाग कायमचा बसला. नीट बघितलं तर काहींवर त्यांच्या बोटाच्या रेघासुद्धा दिसायच्या. काकूंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यानंतर मीनल पूजेत कोरडंच हळदकुंकू वाहायची, त्या डागांना बोट लावायची नाही. जगात कुठल्याही संग्राहकाने असला गाढवपणा केला नसेल, असं मी तेव्हा म्हणत होतो. खरंच म्हणत होतो, अव्याच्या तोंडावर.

मी त्याच्या मागे लागलो. वीक, वीक, वीक. ओवीचं, त्याच्या मुलीचं, कॉलेज तोंडावर आलंय, भाव आज आहे उद्या नसेल. तो भोपाळी थाटात म्हणायचा, "को खां, तू तर माझ्यामागे बँकवाल्यासारखा लागलास." एकदा म्हणाला, "सुध्या, घेणारा खेळणार आहे का?" मी म्हटलं, त्याच्याशी तुला काय करायचंय? मग मी ती साठ हजारवाली कॅसेट, चांगला फोटो काढतो असं सांगून, दुकानात घेऊन आलो. आणि तिथे, माझ्याच काउंटरवर, कापूस आणि स्पिरिट घेऊन मी ते कुंकू पुसलं. विचारलं नाही. मनात म्हणत होतो, त्याच्या भल्यासाठीच करतोय... पण हात जो सरसर चालत होता तो भल्यासाठी चालत नव्हता. मला तो सौदा जमवायचा होता. मी बरोबर होतो हे दाखवायचं होतं. अर्धा तास लागला. लेबलचा रंग जरा उडाला, डाग मात्र गेला. मी खूश होऊन त्याच्या घरी गेलो आणि "बघ, नवी झाली!" म्हणत त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती खिडकीपाशी नेली. उजेडात तिरकी धरली, सरळ धरली, पुन्हा तिरकी. लेबलवरून अंगठा फिरवला. वाटलं आता शिवी देईल, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आईचं बोट होतं रे त्यावर." मग ती माझ्या हातात परत दिली. "ठेव तुझ्याकडे. वीक, नाहीतर काय करायचं ते कर." मीनलने चहा आणला, आम्ही प्यायलो, पाऊस-पाण्याच्या गप्पाही झाल्या. मी घरी आलो तो पुन्हा त्या दारात गेलो नाही. त्याने दोनदा फोन केला होता. मी उचलला नाही. काय बोलणार होतो? कॅसेटही विकली नाही. कपाटात आतल्या बाजूला सारून ठेवली आणि ते कपाट उघडायचं टाळत राहिलो. माफ कर, एवढे दोन शब्द बोलायचे होते. नेहरू नगर माझ्या दुकानापासून काही लांब नाही...

त्याचा तेरावा झाला आणि काही दिवसांनी मीनलने मला बोलावलं. तिने सरळ विषय काढला. ओवीची फी भरायची आहे, कारखान्याकडून पैसे यायला वेळ लागेल, कॅसेट विकायच्या आहेत, आणि त्यातलं तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. बंगळुरूवाल्याला तिच्याकडच्या एकवीस कॅसेटचे फोटो पाठवले. त्याने दोन आकडे कळवले, एक डागांसकट आणि एक साफ करून. दुसरा पहिल्याच्या दुप्पट होता. मी ते दोन्ही आकडे मीनलला सांगितले, कारण लपवणं हा आणखी एक गुन्हा झाला असता. आणि मग कधी नव्हे ते बोलून टाकलं. ती कॅसेट माझ्याकडे आहे, कुंकू मीच पुसलं, न विचारता. ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही गेलात त्या दिवशी ते जेवले नाहीत." तोंडात मारल्यासारखं झालं. मी विचारलं, "रागावला होता का?" "रागावले असते तर बरं झालं असतं, भाऊजी. म्हणत होते, सुध्या आता लाजेने येणार नाही, मलाच जावं लागेल. रविवारी येणारच होते तुमच्याकडे." तो रविवार उजाडायच्या आधीच तो गेला होता.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. मग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मीनल ओवीला घेऊन माझ्या दुकानात आली आणि कॅसेटचा खोका काउंटरवर ठेवला. "आमच्याकडे यंदा वर्षभर सण नाही. पण या कॅसेटची पूजा कधी चुकलेली नाही. तुमच्या घरी करा." मला वाटलं तिला कळलं नसावं. मी म्हटलं, "अगं, आता नवं कुंकू लावलं तर बंगळुरूवाला डागांसकटचा भावही देणार नाही. ओवीची फी..." ती म्हणाली, "विकायच्या तर आहेतच. फीचं उरलेलं मी बघते, माझे दागिने आहेत. पण पुसलेल्या नाही विकायच्या. ज्याला हव्यात त्याने कुंकवासकट न्याव्यात." आणि दारातून वळून म्हणाली, "ती तुमच्याकडची पण ठेवा हं पाटावर."

सकाळी मी पाट मांडला. सुषमा हळदकुंकू घेऊन पुढे झाली, मी म्हटलं, आज मला लावू दे. तिने तेलात कुंकू कालवून वाटी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाली. एकेक कॅसेट पुढे घेतली. काकूंच्या डागावर डाग द्यायची माझी छाती झाली नाही, म्हणून त्याच्या शेजारी, थोडं अंतर सोडून लावत गेलो. एकवीस कॅसेटवर दोन-दोन बोटं झाली, काकूंचं आणि माझं. बाविसाव्या कॅसेटवर शेजारी लावायला काहीच नव्हतं. तिथे एकटं माझंच बोट उमटलं.