निफाड ते नाशिक: एकशे पासष्ट हर्ट्झ आणि आईचं कुंकू

निघायचं ठरलं ते प्राचीच्या एका वाक्यावर. प्राची इंदिरानगरची, आमच्या गेमिंग टीमची कॅप्टन. "रविवारच्या मॅचआधी मॉनिटर बदल, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घेते," असं तिने फोनवर सरळ सांगितलं. माझ्या साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर शत्रू दिसेपर्यंत मी मेलेली असायचे, हे खरंच होतं.

शनिवारी सकाळी निफाडहून एसटी पकडली. सोबत आई. बघितल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही, हा तिचा नियम द्राक्षाच्या औषधापासून सोन्यापर्यंत सगळ्याला लागू. नाशकात शिरताना द्वारका चौकात गाडी अडकली की देवाचं नाव घ्या. उतरल्यावर आधी मिसळ खा, मॉनिटरच्या किमती उपाशीपोटी ऐकू नयेत.

दुकानदाराने दोन स्क्रीन शेजारी लावल्या. एकीवर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलणार, दुसरीवर एकशे पासष्ट वेळा. मी माउस झटक्यात फिरवला आणि तोंडाचा आ झाला. डावीकडे भिंती फरफटत होत्या, उजवीकडे वीट न् वीट दिसत होती. इतकी वर्षं मी काय बघत होते? आईचा धक्का वेगळाच. याला चॅनल नाही, धड आवाज नाही, मग हा टीव्हीपेक्षा महाग कसा? दुकानदाराने थोडा वेळ समजावलं, मग चहा मागवला.

जाणाऱ्यांनो, आपलं ग्राफिक्स कार्ड तेवढं पळतं का ते घरूनच बघून निघा. नंतर सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा स्वतः बदला, नाहीतर नवी स्क्रीनही साठवरच चालत राहते. आणि डाग दुकानातच तपासा. मी स्क्रीन पांढरी करून इंच न् इंच पाहिली. एकही डाग नव्हता.

घरी आल्यावर मॉनिटर टेबलावर ठेवला आणि एक्स्टेंशन बोर्ड आणायला आत गेले. परतले तर आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी, आणि स्क्रीनच्या मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. नव्या ट्रॅक्टरवर काढतात तसं.

"नवी वस्तू हाय, पूजा नको?" आई म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिचा आवाज बसला. "लय बिघडलं का गं?"

मी रडत रडत ओल्या कापडाने पुसत बसले. रेघा गेल्या. मधला जाड ठिपका मात्र त्या खरखरीत काचेत मुरला तो मुरलाच.

रविवारी त्याच स्क्रीनवर खेळले. आमच्या खेळात लांब पल्ल्याच्या बंदुकीला दुर्बीण लावली नाही तर नेमाची खूण दिसत नाही, आणि गोळी जाते बरोबर स्क्रीनच्या मध्यावर. कुंकवाचा लाल ठिपका एकाच्या कपाळावर आला, मी बटण दाबलं, तो पडला. मग दुसरा. आम्ही जिंकलो, माझी जागा राहिली. प्राची नेमाचं कौतुक करत होती, मी सगळं श्रेय हर्ट्झना दिलं. प्राची, हे वाचत असशील तर आता रागावू नकोस.

परवा आई कुठलंसं लिक्विड घेऊन आली, उरलेला डाग काढायला. दोन दिवस तिला त्यामुळे जेवण गेलं नव्हतं म्हणे. मी तिचा हात धरला, खुर्चीत बसवलं आणि ठिपका कशावर ठेवायचा ते दाखवलं.

आता ती रोज स्क्रीनवरची धूळ पुसते, तेवढी जागा सोडून.