समुद्रातली आवणी

पाण्याखाली मागे मागे पोहणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी. गाव टोकावड्याजवळ, नोकरी वाशिंदच्या कारखान्यात, आणि समुद्राशी संबंध म्हणाल तर सुकटीपुरता. पण रिटायर झाल्यावर अंदमानात बँकेत लागलेल्या लेकीकडे गेले, तिथे स्कुबा डायव्हिंगचा बोर्ड वाचला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीला हवेची टाकी बांधून बसले. "घरातला गॅसचा सिलिंडर उचलताना कंबर धरते ह्यांची," एवढंच ताई म्हणाली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात दाजी अंदमानात. लोक तिथे कासवं, मोठाले मासे बघायला जातात. दाजींना नखापेक्षा मोठं काही चालत नाही. "मोठं कोणाला बी दिसतं रे," असं म्हणून एकदा त्यांनी डोक्यावरून जाणाऱ्या शार्ककडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण खाली एक बिनशंखाची पिवळी गोगलगाय चालली होती. तिचं नाव त्यांनी 'हळदीची नवरी' ठेवलं. असल्या नावांची त्यांची एक शाळेची वही आहे. पाण्यातल्या खुणा तर जेवणाच्या ताटापर्यंत आल्या. मूठ छातीशी धरली की टाकीतली हवा संपत आली, असं पाण्यात समजतात. आमच्याकडे आमटी संपत आली असं समजून ताई वाढते.

आणि ते मागे पोहणं! शिकवणाऱ्या पोराला दोनदा धडकले तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल, सीधा चलो ना." दाजींनी त्याला बोटीवर बसवून भाताची आवणी समजावली. वाकून रोप लावायचं आणि मागे सरायचं, नोकरी सांभाळूनही दर पावसाळ्यात जन्मभर हेच केलं. "बांधावरचा मुठा बघितलाय कधी? माणूस जवळ गेला की बिळात. माणूस मागं सरला की हळूच बाहेर. बारक्या जिवाला आपण मागं सरलेलं लागतं." मुठा म्हणजे शेतातला खेकडा, हे त्या पोराला कळायला अर्धा तास गेला. पण नंतर तो स्वतःच पाहुण्यांना दाजींच्या मागे लावू लागला.

वहीत एक पान तेवढं कोरं होतं. समुद्रफुलात, म्हणजे खडकाला चिकटलेल्या फुलासारख्या जिवात, राहणारी एक कोळंबी, काचेसारखी आरपार, अंगावर जांभळे ठिपके. तीन हिवाळे दाजी तिच्या मागावर होते. चौथ्या वर्षी त्या पोराच्या फोनवरून तिचा खडक कळला, आणि त्याच महिन्यात कल्याणच्या डॉक्टरने कानात बघून सांगितलं, पडद्याला भोक आहे, आता बुडी बंद. तिसऱ्या दिवशी दाजी वाशिंदला माझ्या दारात उभे. "तू जायचं," म्हणाले. मी विहिरीत डोकावताना कठडा धरणारा माणूस. पण दाजींना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. भात कापलेल्या खाचरात त्यांनी मला आठ दिवस उलटा चालवला. शेजारच्या म्हातारीने ताईला विचारलं, "गो, भावाला काय बाधाबिधा झाली काय?"

शेवटी अंदमान. दाजी कानात कापूस घालून बोटीवर, आणि मी पाण्याखाली, नवशिक्याची धरतात तशी माझी टाकी त्या पोराच्या हातात. खडक सापडला, समुद्रफूल सापडलं. मी जीव मुठीत धरून जवळ गेलो. काही नाही. नुसतं फूल हलत होतं. तीन हिवाळ्यांची वाट माझ्यामुळे फुकट जाणार. मग ते खाचर आठवलं आणि पोराला खूण केली: मागे. सरलो, अजून थोडा सरलो. तेव्हा जिथे काहीच नव्हतं तिथे पाच जांभळे ठिपके हलले. ठिपक्यांमधून पाणी दिसत होतं. तिने दोन मिशा बाहेर काढल्या आणि झुलायला लागली.

वर आलो तर दाजी वाकून बसलेले. "दिसली?" मी मान हलवली. त्यांनी वही पुढे केली. "तू लिही. बघितलीस तू." मी म्हणालो, दाजी, नाव तुम्ही ठेवा. "न बघता कसं ठेवू?" म्हणाले. कोरं पान माझ्या वाकड्या अक्षरात भरलं. ठिपके मोत्यांसारखे, म्हणून नाव मी 'ताईची नथ' ठेवलं. वाचून दाजी हसले, पण वही मिटताना त्या पानावर त्यांचा हात जरा रेंगाळला.

बोट किनाऱ्याकडे निघाली. आम्ही सगळे पुढे तोंड करून बसलो होतो. दाजी एकटे मागे तोंड करून, तो खडक दिसेनासा झाला तरी तसेच बसून राहिले.