बिनफोडणीचं सूप

नेदरलँड्समधल्या आमच्या रायस्वाइक गावातल्या समस्त मराठी माणसांच्या जिभा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्राइतक्या बारकाईनं कुणीही पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या दंतवैद्यांनीसुद्धा नाहीत. करोनाच्या त्या पहिल्या वर्षी सगळं जग तोंड झाकून फिरत होतं आणि हा एकटा भेटेल त्याला "जीभ काढ" म्हणत होता. जिन्यात गाठ पडली की दीड मीटरवरून मोबाइलचा उजेड पाडून तो जीभ न्याहाळायचा आणि मान हलवत म्हणायचा, "ओलावा साठलाय रे तुझ्यात." चिनी आहारशास्त्राप्रमाणे म्हणे शरीरात ओलावा साठतो. आता ज्या देशात आंघोळीचा टॉवेल धड वाळत नाही, तिथं माणूस काय वाळणार? पण असं तोंडावर बोलायला अंगात धमक लागते. मी आपला निमूटपणे जीभ काढायचो. एकदा तर त्यानं व्हिडिओ कॉलवर तपासणी मागितली आणि मी ऑफिसची मीटिंग बंद केली असं समजून लॅपटॉपपुढं यथेच्छ जीभ काढली. मीटिंग चालूच होती. "तुला बरं नसेल तर आज सुट्टी घे," माझी डच मॅनेजर शांतपणे म्हणाली. पुढं कित्येक दिवस मी कॅमेरा बंद ठेवूनच काम केलं.

हा मूळचा कराडचा, चाळिशीकडे झुकलेला, एकटा. आमच्यासारखाच आयटीत. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हा त्याचा धंदा, आणि तो त्यानं स्वयंपाकघरापर्यंत नेला होता. त्याची आई पहिल्याच लाटेत गेली. विमानं बंद, सगळं त्यानं फोनच्या पडद्यावर पाहिलं. आम्ही वर जाऊन दारातूनच बोललो, काय बोललो ते आठवत नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या ऑफिसातल्या एका चिनी बाईंनी त्याच्या दाराशी भाज्यांचं सूप ठेवलं. ते पिऊन याला जरा हुशारी वाटली आणि मग हा त्या सूपच्या मागंच लागला. दिसतील ते व्हिडिओ पाहिले, हेगच्या चिनी दुकानातून पिशव्या भरभरून आणल्या. त्या बाईंना यानं या उपचारपद्धतीचं चिनी नाव विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे याला सूप म्हणतात." पण एवढ्यानं हटला तर तो हा कसला!

सूप असं: गाजर, मुळा, कमळकाकडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, सुकवलेले मशरूम, आलं, चिनी लाल खजूर आणि वरून मूठभर गोजी बेरी, म्हणजे मनुकांएवढी सुकी लाल फळं. सगळं मंद आचेवर तासन्‌तास. ढवळायचं नाही, घाई करायची नाही, आणि फोडणी? शब्दसुद्धा काढायचा नाही! "फोडणी घातली की औषध पळतं," हे त्याचं ब्रह्मवाक्य. काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये भरून तो ते घरोघरी दाराशी ठेवायचा. चवीला कसं होतं म्हणाल, तर पावसात भिजलेल्या बागेसारखं. मी पहिल्यांदा प्यायलो आणि बायकोकडे पाहिलं. तिनं हिंगाची डबी पुढं केली. जिरं तडतडलं, हिंग पडला, सूपला जरा माणुसकी आली. पण आमच्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचा वास एकाच धुराड्यातून वर जातो हे आम्ही विसरलो होतो. चमचा तोंडाशी न्यायच्या आत मोबाइल वाजला. "फोडणी घातलीस." एवढंच. मी घाईघाईनं उत्तर दिलं, "शेजारचे असतील." शेजारी डच आजीबाई राहतात, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या वर्षी भारतातली ती भयंकर लाट आली आणि माझी थट्टा मला पुरेनाशी झाली. साताऱ्याला माझे बाबा आजारी पडले, दवाखान्यातून घरी आले, पण अन्नावरची वासनाच उडाली. आई ताट पुढं करायची, ते बाजूला सारायचे. डॉक्टर सांगून थकले, की पोटात काही गेलं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. मला जाता येत नव्हतं. मी इथून रोज फोनवर ओरडायचो, "बाबा, खा ना!" आणि फोन ठेवून स्वतः जेवायचो नाही. शेवटी वर गेलो आणि ज्याची वर्षभर टिंगल केली त्याच्यापुढं उभा राहिलो. "बाबा जेवत नाहीत," एवढंच म्हणालो. त्यानं त्या दिवशी जीभ पाहिली नाही. "काकूंना फोन लाव," म्हणाला.

साताऱ्यात आईनं मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवला आणि दोन देशांत एकच सूप शिजायला लागलं. गोजी बेरीऐवजी मनुका, लाल खजुराऐवजी खारीक, कमळकाकडी आणि मशरूम नाहीत तर नाहीत. ज्या माणसानं आम्हाला गाजराचे तुकडे तिरके कापले नाहीत म्हणून बोल लावले होते, तो आईला म्हणत होता, "चालेल काकू. तेही चालेल."

बाबांनी वाटी हुंगली आणि पडद्यावरूनच त्याला फैलावर घेतलं. "फोडणी कुठाय?"

"काका, याला फोडणी नसते."

"मग हे तुम्हीच प्या. आजाऱ्यालासुद्धा आम्ही भाज्या धुतलेलं पाणी देत नाही."

त्यांनी वाटी दूर सारली. मी डोळे मिटले. यानं आपल्या पातेल्याखालची आच कमी केली. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "घाला काकू. जिरं, हिंग, तूप, काय हवं ते घाला. फक्त प्या म्हणावं त्यांना."

तूप तापल्याचा आवाज साताऱ्याहून आला. बाबांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि वाटी संपवून ती आईपुढं पुन्हा धरली. मी रडत होतो. हा मात्र आपल्या पातेल्यावर झाकण ठेवण्यात गुंतला होता.

बाबा आता ठणठणीत आहेत, आणि त्या सूपला बिनदिक्कत चायनीज आमटी म्हणतात. आमचा मित्र नव्या नोकरीसाठी लायडनला राहायला गेला. त्याच्या बरण्या मात्र माझ्या खिडकीत तशाच राहिल्या होत्या. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आईची शिकवण. आणि आमच्या घरी जे शिजतं त्या सगळ्याला फोडणी, तेव्हा भरणार काय? परवा बाबांनी फोनवर विचारलं, "तो सूपवाला एकटाच असतो ना? त्याला जेवायला कोण घालतं रे?" इतक्या वर्षांत आम्हा कुणाला हे सुचलं नव्हतं. त्याच रविवारी एका बरणीत आमटी भरली, दुसरीत भात, आणि गाडीत बसून लायडन गाठलं.

त्यानं दारातच झाकण उघडून वास घेतला. "फोडणी आहे."

"आहे," मी म्हणालो.

"औषध पळालं मग," तो म्हणाला, आणि चमचा आणायला आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून मी डोकावलो. ओट्याशी उभा राहून तो बरणीतूनच खात होता, पाठमोरा. मी दुसरी बरणी हळूच त्याच्या शेजारी ठेवली.