हार्डबोर्डची भिंत आणि आमचे सासरे

भिंतीला ओल आली की गवंडी बोलवावा, हे मला भिंतीवर हार्डबोर्ड ठोकून झाल्यावर कळलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला आम्ही नवं घर बांधलं आणि दुसऱ्याच वर्षी न्हाणीघराला लागून असलेल्या बैठकीच्या भिंतीला ओल आली. पोपडे थेट पाहुण्यांच्या चहात पडायचे! त्यातच धुळ्याकडून सासरे, म्हणजे नाना, पहिल्यांदाच घर बघायला येणार, असं पत्र आलं. घर बांधताना "माझा गवंडी पाठवतो," असं नाना म्हणाले होते आणि मी "जळगावात काय गवंडी नाहीत?" असं ऐकवून बसलो होतो. (तरुण होतो. अक्कल यायची होती. अजून वाटेत आहे.)

"गवंडी बोलवा," माझी बायको सुमन म्हणाली.

"झाकली की झालं!" मी म्हणालो आणि रविवारी भिंतभर हार्डबोर्ड ठोकला. वर आकाशी रंग. एक खिळा जरा जास्तच अलगद आत गेला. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं!

चार दिवसांनी नाना आले, तोवर बोर्ड मधोमध फुगला होता. नानांनी तो नीट निरखला आणि गोठ्यात विचारावं तसं विचारलं, "जावईबापू, तुमनी भीत गाभण शे का?"

"फॅशन आहे, नाना! शहरात हल्ली अशाच भिंती करतात."

"आसं व्हय!" म्हणत नानांनी बोट लावलं. बोट आरपार! मागून पाण्याची धार.

"काही नाही, खिळा सैल झालाय," म्हणत मी पक्कड आणली.

"अहो, खिळा काढू नका!" सुमन ओरडली.

मी काढला. भिंतीतल्या पाइपाला भोक त्याच खिळ्याने पाडलं होतं आणि ते बुजवूनही त्यानेच धरलं होतं! कारंजं थेट नानांच्या धोतरावर. बोर्डाचा लगदा माझ्या डोक्यावर. मी भोकात अंगठा खुपसला, सुमन टाकीचा वॉल्व्ह बंद करायला गच्चीवर धावली. वॉल्व्ह गंजलेला! अख्खी टाकी रिकामी होईपर्यंत मी भिंतीला चिकटून उभा, आणि नाना पलंगावर पाय वर घेऊन बसलेले.

"आंगठा काढू नका हां," ते गंभीरपणे म्हणाले. "फॅशन वाही जाई."

आठवड्याभरात नानांचाच गवंडी आला. भिंत दुरुस्त झाली.

पुढे नानांनी गावी नवं घर बांधलं. घरभरणीला मला काय मान! नाना स्वतः दारापर्यंत आले, हात धरून मला आत नेलं आणि चारही भिंतींपासून सारख्या अंतरावर टाकलेल्या खाटेवर बसवलं. दोन मेहुणे दिवसभर माझ्या दोन्ही बाजूंना. पाणी मागितलं तरी उठू देईनात.

"जावयाची बडदास्त पाहा!" पाहुणे कौतुकाने म्हणत होते.

मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.