'इतर' नावाचा रकाना

हे मी लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडून बसलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही आणि अर्ज भरण्यापलीकडे कोणी काही लिहिलंही नाही. प्राण्यांविषयी लिहायचं तर ते पूर्ण शिकलेल्यांनी. माझं शिक्षण अजून अर्धं आहे, आणि जे सांगणार आहे त्यात माझी बाजूही चांगली नाही. म्हणून आधीच माफी मागतो आणि जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो.

वसईला आमच्याकडे डुकरं होती. पप्पा ती लग्नांसाठी आणि नाताळासाठी पाळायचे आणि स्वतःच कापायचे. मागचे पाय धरायला मी असायचो. सुरी आत जाताना डुक्कर जे ओरडतं ते कानात नाही, हातात ऐकू येतं. एकदा पप्पांनी मादीकडे नर सोडला. नर दुसऱ्याचा होता, संध्याकाळी परत न्यायचा होता. मादी अजून तयार नव्हती. ती उलटली, नर पिसाळला आणि मधे गेलेल्या पप्पांची मांडी त्याने सुळ्याने फाडली. आधी आतलं पांढरं दिसलं, मग रक्ताने भरलं. टाके घालून खाटेवर पडल्यावर ते म्हणाले होते, "ती जबडा वाजवत होती. कटकट ऐकली होती मी. घाई केली."

टोरांटोत मी प्राण्यांची निगा राखण्याचा डिप्लोमा करायला आलो. दुसऱ्या सेमिस्टरला एका प्राणिसंग्रहालयात प्रत्यक्ष काम शिकायची प्लेसमेंट मिळाली, पांडांच्या विभागात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपला प्राण्यांचा अनुभव सांगायचा होता. एकीच्या घरी घोडे होते, एकाने कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये काम केलं होतं. मी म्हणालो, आमचं फार्म आहे. पुढे कोणी विचारलं नाही.

पांडाची मादी वर्षातून एकदाच, दोन-तीन दिवस नराला जवळ येऊ देते. ते दिवस चुकले की थेट पुढचा वसंत. आमच्या मादीचं वय होत चाललं होतं. नर आणि मादी शेजारच्या पिंजऱ्यांत, मधे जाळी, जाळीत साखळीने वर ओढायचं पोलादी दार. माझ्याकडे एक तक्ता असे. ती शेपटी उचलते का, पाठ जाळीला लावते का, बकरीसारखा आवाज काढते का, दर मिनिटाला खूण करायची. शेवटचा रकाना 'इतर'. नॉर्थ यॉर्कच्या बेसमेंटमध्ये माझ्यासोबत राहणारा कोल्हापूरचा मुलगा रोज विचारायचा, "काय रे, जमलं का स्थळ? पत्रिका नाही तर नाही, निदान पोरगा-पोरगी बोलली का?"

तक्ता भरायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मादीच्या लघवीच्या तपासणीचा निकाल आला, वेळ आजचीच आहे. सकाळपासून ती पाठ जाळीला लावत होती. विभागप्रमुख बाई पन्नाशीच्या, आयुष्य अस्वलांत गेलेलं. त्यांना नावाने हाक मारणं मला कधी जमलं नाही, मी मॅडम म्हणायचो आणि त्या हसायच्या. दुपारी त्यांनी जाळीकडे पाठ करून साखळी हातात घेतली. त्याच वेळी नर जाळीशी आला आणि मादीने मान फिरवून जबडा वाजवला. एकदा, मग पुन्हा. ओठाला फेस आला होता. मी पेन्सिलीने 'इतर'मध्ये लिहिलं: जबडा.

"काही वेगळं दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं. मग डुकरं सांगावी लागली असती. आणि त्यांनी आयुष्यभर पाहिलंय, मी तीन दिवस.

"नाही, मॅडम," मी म्हणालो आणि लिहिलेलं खोडरबराने पुसलं.

दार वर गेलं. नर बें-बें करत आत आला, लाजल्यासारखा, आणि त्याने उजवा पंजा तिच्या पाठीवर ठेवला. ती इतक्या झटकन वळली की मला मधली हालचाल दिसलीच नाही. त्याचं मनगट तिच्या जबड्यात होतं. माझ्या मनगटाएवढा जाड बांबू तो जबडा रोज सकाळी फोडायचा. आवाज तोच आला. नर डुकरासारखा ओरडला. त्याने तिचा कान धरला आणि ओढला, कान फाटून लोंबायला लागला. दोघं भिंतीवर आदळली, गडगडत जाळीवर आली. रक्त माझ्या तक्त्यावर उडालं. मॅडमनी होजचं पाणी तोंडावर मारलं, एकाने लोखंडी कांबीने बादली बडवली. ती सोडेना. डोळे जवळजवळ मिटून ती चावत राहिली, डोकं हिसडत राहिली. शेवटी आग विझवायचं नळकांडं तिच्या नाकावर सोडलं तेव्हा जबडा उघडला. नर तीन पायांवर सरपटत मागे गेला आणि दार खाली आदळलं.

पांडाच्या मनगटाचं एक हाड अंगठ्यासारखं बाहेर आलेलं असतं. बांबू तो त्याच्यात धरतो. उजवीकडच्या त्याच हाडाचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी ते काढून टाकलं. म्हणाले, जगेल. पण पांडा दिवसभर खातो आणि दोन्ही हातांनी धरून खातो. हा धरू शकेल का, सांगता येत नाही. न धरणारा पांडा फार काळ टिकत नाही.

मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, दार मी उघडलं, जबाबदारी माझी. मी समोरच बसलो होतो. त्या संध्याकाळी रूममेटने जेवताना विचारलं, जमलं का स्थळ? मी ताट ठेवून उठलो.

पंधरा दिवसांनी फोनवर पप्पांना सांगितलं.

"कटकट ऐकलीस तू?"

"हो."

"मग?"

"मॅडमनी विचारलं, तर मी नाही म्हणालो."

"डुकरं म्हणायची लाज वाटली," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. "तिला सांग." आणि फोन आईकडे दिला.

मी मॅडमना सगळं लिहून पाठवलं. फार्म म्हणजे काय तेही लिहिलं. उत्तर आलं नाही. प्लेसमेंट संपली. उन्हाळ्यात तिकीट काढून एकदा गेलो, तर नराच्या काचेमागे कोणी नव्हतं. पाटी होती: उपचार सुरू आहेत. एकच कान उरलेली मादी पलीकडे बसून खात होती.

हिवाळ्यात टोरांटोजवळ वॉन गावातल्या एका वेअरहाऊसमध्ये मालाची पॅलेट उतरवत होतो. ब्रेकमध्ये फोन उघडला तर मॅडमचा मेल आला होता. लिहिलं होतं, तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. तक्त्यात आता जबड्यासाठी वेगळा रकाना आहे. नराला पुन्हा कधी मादीकडे सोडणार नाही. इतके महिने तो आमच्या हातून खात होता आणि सुकत चालला होता. काल त्याने पहिल्यांदा स्वतः बांबू उचलला, डाव्या पंजात धरून उजव्या मनगटाने दाबला. बांबू खाली पडला. मग त्याने परत उचलला.